आपापला डबा

१

देवेंद्र चुरीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि धंदा असा होता की विश्वास ठेवून परवडलंही नसतं. नायगावात उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या लिफ्टची देखभाल, हे त्याचं पोटापाण्याचं काम. अधूनमधून कुठल्या ना कुठल्या सोसायटीतून फोन यायचाच, की लिफ्ट आपोआप वर येते, दार उघडतं, आत कुणीच नसतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अंगारा लावायला घेतलाय. देवेंद्र हातातला चहा संपवून निवांत जायचा, एखादं अडकलेलं बटण मोकळं करायचा आणि सगळ्यांना ऐकवायचा की आवाज आला म्हणजे त्याला कारण असतंच, फक्त शोधायचा कंटाळा करू नये.

अशा माणसाची बायको गेली. पूर्वी तिचं नाव. साध्या तापाचं निमित्त झालं. आज उतरेल, उद्या उतरेल करता करता सगळंच हाताबाहेर गेलं. मूलबाळ नव्हतं. व्हावं म्हणून दोघांनी काय काय केलं होतं, ते सगळं वाया गेलेलं. फ्लॅटमध्ये देवेंद्र एकटा उरला.

आणि मग ते सुरू झालं. रोज दिवेलागणीला स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या. फार नाही. कणीक मळायला घेताना पूर्वी बांगड्या कोपराकडे सारायची, तेवढाच आवाज. त्यानंतर खिडकी ओढून घेतल्याचा, कारण तिन्हीसांजेला डास आत येतात म्हणून ती न चुकता खिडकी लावायची. पहिल्या दिवशी देवेंद्रने टॉर्च घेऊन पाइप तपासले, एक्झॉस्ट फॅन उघडला, शेजारच्यांच्या घरात जाऊन भिंतीला कान लावला. काही सापडलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कारण शोधायचं सोडून दिलं. कामावरून येऊन, हातपाय धुऊन तो हॉलमध्ये गुमान बसायचा आणि ऐकायचा. आत डोकवायचा नाही. त्या आवाजावरच गडी दिवस ढकलत होता.

हे त्याने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. बहीण कृतिका विरारहून आली, तिने भावाचा अवतार पाहिला आणि हट्टच धरला. माणिकपूरला जवळची माणसं गमावलेल्यांसाठी समुपदेशनाचा गट चालतो, तिथे जायचं म्हणजे जायचं. देवेंद्रला धास्ती एकच होती. तिथे जाऊन खरंच बरं वाटलं आणि बांगड्या वाजायच्या थांबल्या, तर?

२

गट भरायचा शनिवारी दुपारी, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास, खाली रिक्षावाल्यांची हमरीतुमरी. अमिषा नावाची मुलगी गट चालवायची. शिकलेली, मवाळ बोलणारी. रडणाऱ्याला रडू द्यायची, मध्येच पाठ थोपटून ‘होईल हं सगळं ठीक’ म्हणायची नाही. एवढ्यावरच देवेंद्रला ती पसंत पडली.

त्या शनिवारी तिने सगळ्यांना डबे आणायला सांगितले होते. आपल्या माणसाला जे आवडायचं ते करून आणायचं, शेजारच्याला खायला घालायचं आणि तो खात असताना त्या माणसाबद्दल त्याला सांगायचं. देवेंद्रच्या शेजारी बसली होती लुईझा डिमेलो. उमेळ्याची बाई, साठीला आलेली, नोकरीतून निवृत्त झालेली नर्स. तिचा एकुलता एक मुलगा केल्विन हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. चांगला चोवीस-पंचवीस वर्षांचा तरणाबांड पोरगा.

तिने फुगे आणले होते. वसईत ख्रिस्ती घरांतून सणासुदीला होतात तसले, आंबवलेल्या मैद्याचे, गोल, तळलेले. देवेंद्र खात होता आणि ती सांगत होती. नवरा बॅप्टिस्ट कुवेतला गेला तेव्हा केल्विन पाळण्यात होता. बॅप्टिस्टने तिकडेच दुसरा संसार थाटला, परत फिरकला नाही. पोरगा लहानपणी रोज संध्याकाळी फाटकावर उभा राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघत. मोठा झाला तसा बाप गेला याचं खापर त्याने आईच्याच डोक्यावर फोडलं. एका छपराखाली राहून शेवटचं वर्षभर तो तिच्याशी धड बोलला नव्हता. एवढं सांगून लुईझाने रुमाल डोळ्यांना लावला.

मग देवेंद्रने राजेळी केळ्यांचा हलवा तिच्यापुढे केला. त्याला नीट जमला नव्हता, तळाशी लागला होता. त्याने सांगितलं की पूर्वीला बोलताही येत नव्हतं तेव्हा तिची आई वारली. आत्यांनी, काकूंनी आलटूनपालटून वाढवलं. त्यामुळे कुणीही पिकल्या केसांची बाई भेटली की ही तिला चिकटलीच म्हणून समजा. भाजीवाल्या मावशीशी तासभर बोलत बसायची. देवेंद्र हे हसत सांगायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

उठताना अमिषाने दोनदा बजावलं, “आपापला डबा आपापल्या घरी न्यायचा. भरलेला असो नाहीतर रिकामा. प्लीज, एवढं लक्षात ठेवा.”

आता वसईच्या माणसाला असलं सांगून काय उपयोग? अमिषा खिडक्या लावायला वळली आणि लुईझाने उरलेले फुगे डब्यासकट देवेंद्रच्या पिशवीत कोंबले. एकटा माणूस, संध्याकाळी खाशील म्हणाली, डबा पुढच्या शनिवारी दे. मग देवेंद्रला तरी हलव्याचा डबा परत न्यावासा कसा वाटेल? त्यानेही तो तिच्या हातात ठेवला.

३

त्या संध्याकाळी बांगड्या वाजल्या नाहीत.

देवेंद्र हॉलमध्ये बसून राहिला. दिवे लागले, समोरच्या टॉवरमधल्या टीव्हींचे आवाज आले आणि विरले, स्वयंपाकघर मात्र ढिम्म. शेवटी त्यानेच जाऊन खिडकी लावली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ज्याची भीती होती तेच झालं, गेली, दुसऱ्यांदा गेली, असं मनात घोकत तो अंधारात बसून रडला. कृतिकाचा राग आला, अमिषाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

या रडारडीत दुसरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला वेळच लागला. फ्रिजमधली पाण्याची बाटली फ्रिजच्या डोक्यावर उभी होती, झाकण उघडं. त्याने ती आत ठेवली. सकाळी पुन्हा वर, झाकण पुन्हा उघडं. आपणच ठेवतो आणि विसरतो, असं त्याने ठरवलं. दुःखात माणूस विसरभोळा होतो हे अमिषा सांगतच असते. पण फुग्यांचा डबा? तो रोज हलका होत होता, आणि देवेंद्रने तर त्या दिवसानंतर त्यातला एकही खाल्ला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

मग एका दुपारी तो जेवायला घरी आला तर न्हाणीघर ओलं होतं. भिंतीवर पाण्याचे ओघळ, आरशावर वाफ. गीझर गरम. त्याने घरातलं दार अन् दार तपासलं, कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. हॉलमधली एक खुर्ची टेबलापासून सरकवलेली होती, दाराकडे तोंड करून, कुणाची तरी वाट बघत बसावं तशी.

आणि शीळ. तिचं काय करायचं? बाहेरून येताना पॅसेजमध्ये असतानाच त्याला ती ऐकू यायची. धून अशी नाहीच, एखादा पोरगा दाढी करताना स्वतःशीच घालतो तशी, वरखाली होणारी, मजेतली. तो किल्ली लावायचा आणि ती थांबायची. देवेंद्रने लिफ्टची शाफ्ट उघडवली, केबल तपासल्या, वाऱ्याची झडप बदलली, खालच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराला विनाकारण झापलं. शीळ थांबली नाही.

विचित्र असं की त्याला घाम फुटायचा तो शिळेमुळे नव्हे. दिवेलागण झाली की फुटायचा, स्वयंपाकघराच्या त्या मुकाटपणाने. पूर्वीचं एवढंसं काही उरलं होतं, ते कुठे गेलं, ते परत कसं आणायचं, याच एका प्रश्नाने त्याचं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

४

गुरुवारी भर दुपारी लुईझाचा फोन आला. आवाज दबका, जणू पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “देवेंद्र, तुझी पूर्वी पीठ मळताना बांगड्या वर सारायची काय रे?”

देवेंद्र एका इमारतीच्या गच्चीवर उभा होता. त्याने कठड्याला धरलं.

“आंटी, हे मी तुम्हाला सांगितलं होतं?”

“सांगितलंस ना? सांगितलंच असशील. नाहीतर मला कसं कळणार?”

त्याला आठवेना. बांगड्यांबद्दल आपण चकार शब्द काढला नव्हता अशी त्याची खात्री होती, आणि खात्री आहे म्हणावं तर गेले काही दिवस कशाचीच नव्हती. त्याने उलट विचारलं, केल्विन पाणी पिऊन बाटली उघडीच फ्रिजवर ठेवायचा का. पलीकडून हुंदका आला आणि फोन बंद झाला.

त्याने लगेच अमिषाला फोनवर गाठलं. सगळं नाही सांगितलं, अर्धमुर्धं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं. दोघांनी एकमेकांचं दुःख इतक्या जवळून ऐकलं, ते मनात घर करणारच. बोलताना निसटलेले बारीक तपशील डोकं टिपून ठेवतं आणि नंतर आपलेच म्हणून समोर आणतं. झोप कमी झाली की कान वाजतात. देवेंद्रला हे पटलं. अगदी मनापासून पटलं, कारण हे कारण होतं आणि त्याला कारणाचीच भूक होती. फोन ठेवता ठेवता अमिषा म्हणाली, “पण सर, डबे तुम्ही आपापलेच नेलेत ना? ऐकलेलं घरी न्यायचं नाही, इथेच ठेवून जायचं, एवढंच कळावं म्हणून मी तो नियम ठेवलाय.”

देवेंद्रने हो म्हणून ठोकून दिलं.

फोन खिशात टाकला तेव्हा त्याच्या मनात एकच विचार उरला होता, आणि तो वेडगळ आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. डबा परत करायचा. आपला परत आणायचा. आज, आत्ताच्या आत्ता.

५

घरी येऊन त्याने लुईझाचा डबा घासला. आत एकही फुगा उरला नव्हता. पुसून पिशवीत टाकायला गेला आणि हात अडखळला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये. आई असताना त्याच्या घरात हे कधी झालं नव्हतं. काही नसलं तर निदान मूठभर साखर. पण आज रिकामाच द्यायला हवा होता. देणंघेणं तिथेच तुटलं तर तुटेल, असं त्याला वाटत होतं. डबा हातात घेऊन तो ओट्यापाशी किती वेळ उभा राहिला कोण जाणे. शेवटी लुईझाला काय वाटेल, या विचाराने त्याचा हात साखरेच्या बरणीकडे गेलाच.

झाकण लावताना मागे हॉलमध्ये शीळ चालू होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं तशी ती थांबली.

उमेळ्याला तो रिक्षाने पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्हीकडच्या वाड्या तोडून इमारती उठल्या होत्या, मध्ये लुईझाचं कौलारू घर आणि मागे थोडी केळी, एक विहीर. लुईझा ओट्यावरच बसली होती. देवेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. शनिवारी विस्कटलेले केस, चुरगळलेला झगा असा तिचा अवतार असायचा. आज केस नीट विंचरलेले, गालावर तुकतुकी. चेहरा पोटभर जेवलेल्या माणसाचा. तिने त्याला ओट्यावरच बसवलं, घरात ये म्हटलं नाही. दारातून घरातल्या प्रार्थनेच्या आल्तारावरचा केल्विनचा फोटो दिसत होता. हसरा, कुरळ्या केसांचा. फोटोपुढची पणती मात्र विझलेली होती.

तिने डबा उघडून साखर बघितली आणि मान डोलावली. देवेंद्रने आपला डबा मागितला. ती पदराशी खेळावं तशी झग्याच्या टोकाशी चाळा करत राहिली. त्याने पुन्हा मागितला. धुवायचा राहिलाय, म्हणाली. तसाच द्या, तो म्हणाला.

तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. लुईझाने सवयीने छातीवर क्रूस केला. आणि घंटेचा शेवटचा ठोका विरला तसा आतून, घराच्या मागच्या अंगाने, आवाज आला. फार नाही. बांगड्या कोपराकडे सारल्याचा.

देवेंद्र उठला, पण घरात शिरला नाही. का नाही शिरला, हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. आजवर स्वयंपाकघरात डोकवायचं नाही हे त्याने पाळलं होतं, बहुतेक त्यानेच पाय वळले. तो घराला वळसा घालून केळींतून मागे गेला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत अंधार, चुलीचा उजेड भिंतीवर हलत होता. कणकेचा वास आला.

मग खिडकीतून हात बाहेर आला. झडप ओढून घ्यायला आलेला, बाईमाणसाचा, मनगटापर्यंत पीठ लागलेला हात. कोपराशी हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्यात एक लाखेची, निर्मळच्या जत्रेत देवेंद्रने घेऊन दिलेली. त्याच बांगड्या लेववून त्याने तिला पोचवली होती.

“पूर्वी,” तो म्हणाला.

हात थांबला. हवेतच, झडपेला न लागलेला. बोटं किंचित मिटली. देवेंद्रला तिचा श्वाससुद्धा ऐकू आल्यासारखं वाटलं. आता ती वाकेल, आता तोंड दिसेल, असं त्याला वाटलं, आणि दिसू नये असंही त्याच क्षणी वाटलं. मग हात हलला. त्याने झडप पकडली, सावकाश ओढून घेतली, आणि आतून कडी लागली.

६

लुईझा त्याच्या मागे येऊन उभी होती.

“पहिल्या दिवशीच मी तिला सांगितलं,” ती हळू म्हणाली. “म्हटलं, बाय, तुझं घर नायगावला, नवरा वाट बघतोय, जा. ती पोळ्या लाटतच बसली. मी जेवले की मगच थांबते ती.” मग म्हणाली, “डब्याचा दोष नाही रे देवेंद्र. मी डबा दोनदा फाटकाबाहेर ठेवून आले. दोन्ही वेळा तिने तो परत आणला.”

देवेंद्रला रडू येत होतं की राग, त्याचं त्यालाच कळेना. इतकी वर्षं संसार केला. तो तिला कमी पडला होता का? की ती कायम दुसऱ्याच कुणाची तरी, न आठवणाऱ्या आईची, वाट बघत होती आणि त्याला ते शेजारी झोपून कधी कळलंच नाही? त्याने बंद खिडकीवर हात ठेवला. लाकूड उबदार होतं, पण ते उन्हानेही असू शकेल.

लुईझाने त्याचं मनगट धरलं. विचारताना तिने मान वर केली नाही.

“तो विचारतो काय रे माझं?”

खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. पण जीभ रेटेना.

“शीळ घालतो,” तो म्हणाला.

ती ऐकत राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा पार कोसळला. खूश असला की घालतो, ती म्हणाली. माझ्या घरात घालून किती दिवस झाले होते.

ती आत गेली. स्वयंपाकघरात दोन बायका हलक्या आवाजात काही बोलल्यासारखं देवेंद्रला ऐकू आलं, पण शब्द लागले नाहीत. ती बाहेर आली तेव्हा हातात तोच डबा होता, त्याने साखर घालून आणलेला. आता तो जड होता, खालून गरम. रिकामा कसा देऊ, म्हणाली. फुगे गार झाले तर त्याला गरम करून दे. गार खात नाही तो.

नको म्हणायला हवं होतं. डबा तिथेच ओट्यावर ठेवून चालू पडायला हवं होतं. देवेंद्रने तो घेतला.

नायगावला येईपर्यंत पूर्ण अंधारलं नव्हतं. लिफ्ट नेहमीसारखी वर आली, दार नेहमीसारखं उघडलं. पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि त्याला शीळ ऐकू आली, वरखाली होणारी, मजेतली. तो आपल्या दारापाशी उभा राहिला. खिशातून किल्ली काढली. किल्ली लावली की शीळ थांबते, हे त्याला आता पाठ झालं होतं. दार उघडलं की आत कुणी नसतं. ओलं न्हाणीघर असतं, उघडी बाटली असते, दाराकडे तोंड केलेली खुर्ची असते, आणि स्वयंपाकघर मुकं असतं.

डब्याची ऊब पिशवीतून मांडीला लागत होती. पूर्वी येणार नव्हती. ते त्याला त्या कडीच्या आवाजातच कळलं होतं, बाकी सगळा गोंधळ मात्र तसाच होता. आत जे आहे ते काय आहे, त्याला आपल्याकडून काय हवं आहे, आणि आपण इतकी वर्षं कुणासाठी एवढी देवळं आणि दवाखाने पालथे घातले, यातलं काहीच त्याला एकमेकांपासून वेगळं करता येईना.

त्याने किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि आपल्याच घराची बेल वाजवली.

शीळ थांबली. खुर्ची सरकली. अनवाणी पावलं दाराकडे येऊ लागली, आणि आतून एक तरुण आवाज म्हणाला, “आलो.”